दानासाठी गोधडी : कापडाची निवड

महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ कर्नाटकात कौदी म्हणून ओळखली जाते. म्हैसूर सुमारे ७६० मीटर उंचीवर असल्याने कुवेंपुनगरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात. अशा वेळी गरजूंना गोधडी देताना एक गोष्ट लक्षात घ्यावी : घेणाऱ्याकडे बहुधा तेवढेच पांघरूण असते आणि ते हातानेच धुतले जाते. म्हणून कापड पुढीलप्रमाणे पारखावे.

१. वीण : कापड उजेडासमोर धरून ताणावे. रंग विटलेला चालेल, वीण विरलेली नको.

२. प्रकार : जुन्या सुती साड्या, धोतरे उत्तम, ती घाम शोषतात. नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटते.

३. धुणे : नवे सुती कापड आटते, म्हणून आधी धुवावे. ओले पांढरे फडके घासून पाहावे. रंग लागल्यास ते कापड वगळावे.

४. थर : ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे मिळते, वजनामुळे नव्हे. फार जाड गोधडी लवकर वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो.

५. दोरा : दोरा मजबूत असावा आणि धावदोऱ्याच्या ओळी जवळ घालाव्यात, म्हणजे धुताना थर सरकत नाहीत.

थोडक्यात, जे कापड आपण स्वतः पांघरू, तेच दानाच्या गोधडीत घालावे.