आकाशातला पुण्यसंचय

‘निष्ठा’ हा शब्द आम्ही मराठीचे मास्तर वर्गात बाजीप्रभूंच्या संदर्भात वापरतो. विमानकंपन्यांनी तो तिकिटाच्या पावतीवर आणून बसवला. एकाच कंपनीच्या विमानाने वारंवार जाणाऱ्या उतारूला ती जे मैल बक्षीस देते, त्या योजनेला इंग्रजीत निष्ठेचेच नाव आहे! निष्ठा कोणी कोणावर ठेवायची, हे मात्र विचारू नये.

हे खूळ निघाले अमेरिकेत. १९७८ साली तेथील सरकारने विमानभाड्यांवरचे नियंत्रण उठवण्याचा कायदा केला. कंपन्यांत चढाओढ लागली. आणि १ मे १९८१ रोजी ‘अमेरिकन एअरलाइन्स’ने गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी खातेवही उघडली. जितके मैल उडाल तितके खात्यावर जमा, पुरेसे साठले की तिकीट फुकट. ‘युनायटेड’ने आठवडाभरात तोच कित्ता गिरवला. पुढे बक्षिसाचे मैल वाण्याच्या मालावरही मिळू लागले. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका इंजिनियराने तर सुमारे तीन हजार डॉलरांचे पुडिंग विकत घेऊन साडेबारा लाख मैल पदरात पाडले. पुडिंग बहुतेक दान केले. म्हणजे तेही पुण्यच!

पण पुढे वारे फिरले. २०१५ मध्ये ‘डेल्टा’ आणि ‘युनायटेड’ यांनी मोजपट्टीच बदलली. किती लांब गेलात ते नव्हे, तिकिटाला किती पैसे मोजलेत ते पाहायचे. कुठल्या प्रवासाला किती मैल लागतील, याचा जाहीर तक्ताही ‘डेल्टा’ने काढून घेतला. खरी गोम अशी, की मैल आता विमानात पाऊल न टाकताही मिळतात. बँका ते कंपन्यांकडून घाऊक घेतात आणि क्रेडिट कार्डावर खरेदी करणाऱ्यांना वाटतात. हा धंदा एवढा मोठा, की २०२१ मध्ये ‘अमेरिकन’ने या योजनेच्या तारणावर दहा अब्ज डॉलरांचे कर्ज उभे केले. टांकसाळ कंपनीची, नाणे कंपनीचे, भावही कंपनीच ठरवणार. नाणी उदंड झाली, पण विमानातल्या खुर्च्या काही त्या मानाने वाढल्या नाहीत. पुण्य संपले की स्वर्गातून खाली यावे लागते, असे आपले पूर्वज मानत. येथे पुण्य शाबूत असताना स्वर्गच महाग होतो.

आपल्याकडेही असे पुण्यवान घरोघर आहेत. माझे थोरले मेव्हणे त्यांतलेच. नोकरीच्या पायी अकरा वर्षे दिल्ली-कलकत्ता केले आणि मैल जपून ठेवले. का, तर लेकीच्या बाळंतपणाला दोघांनी न्यू जर्सीला जायचे. वेळ आली तेव्हा दोघांच्या मैलांत एकच तिकीट बसत होते. दुसरे विकत घेणे निवृत्त माणसाला झेपेना.

“अहो, तेवढे पैसे पोस्टात टाकले असते तर निदान व्याज तरी मिळाले असते!” ताई म्हणाली.

“अगं, पैसे नव्हते ते. मैल होते.”

हा फरक त्यांना अजूनही फार महत्त्वाचा वाटतो. मात्र हल्ली भेटेल त्याला ते बजावतात, मैल साठवू नका, हाती पडले की वापरून टाका.

ताई आयुष्यात प्रथमच एकटी विमानात बसली, सामानात डिंकाचे लाडू घेऊन. मेव्हणे तीन महिने खानावळीचा डबा खात फोनवर नात पाहत होते. खात्यावर थोडे मैल उरले होते. त्यांची मुदत मार्चअखेर संपेल, असे कंपनीने आठवणीने कळवले.