मुक्तचक्री द्विप्रस्थ
प्रवर्तकातील एकदिश प्रवाह खंडित होताना उद्‌भवणाऱ्या उच्च विद्युत् दाबापासून मंडलाचे रक्षण करणारा द्विप्रस्थ अथवा डायोड. रिलेच्या ०·५ हेन्री प्रवर्तकत्वाच्या वेटोळ्यातील ३० मिलिअँपिअर प्रवाह १० मायक्रोसेकंदांत थांबविल्यास सरासरी १,५०० व्होल्ट दाब प्रवर्तित होतो. तो चालक ट्रँझिस्टरास सहज निकामी करतो. वेटोळ्यास समांतर, ऋणाग्र पुरवठ्याच्या धन टोकाकडे ठेवून जोडलेला द्विप्रस्थ एरवी निष्क्रिय असतो. प्रवाह तुटताच तो संवाहक बनतो व साठलेली ऊर्जा मुख्यत्वे वेटोळ्याच्या रोधात उष्णतारूपाने खर्च होते. सिलिकॉन द्विप्रस्थ व १२ व्होल्टचा पुरवठा असल्यास ट्रँझिस्टरावरील दाब सु. १२·७ व्होल्टपुरताच राहतो. मात्र प्रवाह सावकाश ओसरल्याने रिले उशिरा सुटतो आणि स्पर्शक मंदपणे विलग होऊन ठिणग्यांनी झिजतात. याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. एकसरीत विरुद्ध दिशेने झेनर द्विप्रस्थ जोडल्यास विलंब घटतो, परंतु ट्रँझिस्टरास तेवढा जादा दाब सोसावा लागतो.