सॉफ्टवेअर बांधणीच्या स्क्रिप्टमधील सशर्त तर्क : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रकल्पकार्यास महत्त्वाचे स्थान आहे. अमरावती येथील विद्यार्थ्याने विंडोजवर तयार केलेला प्रकल्प अकोला येथील प्रयोगशाळेत लिनक्सवर मांडला असता, मूळ आज्ञावली निर्दोष असूनही तो तयारच होत नाही, असे घडू शकते. अशा वेळी दोष बहुधा बांधणीच्या स्क्रिप्टमधील अटींत असतो. वर्षभराच्या श्रमांचे मूल्यमापन अशा एका ओळीवर अडू नये, या दृष्टीने या अटींचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अटींची गरज :

बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' हे साधन निर्माण केले. फाइलींच्या बदलाच्या वेळा ताडून जो भाग जुना झाला तेवढाच पुन्हा बांधावयाचा, हे त्याचे मूळ तत्त्व होय. मूळ 'मेक'मध्ये अटींची सोय नव्हती. ती पुढे 'ग्नू मेक'सारख्या आवृत्त्यांत आली. विंडोजवर फाइल पुसण्याची आज्ञा 'डेल', तर लिनक्सवर 'आरएम' आहे. अशा भेदांमुळे अट अपरिहार्य ठरते.

अट केव्हा तपासली जाते?

मुंबई-हावडा मार्गावर बडनेरा येथून अमरावतीचा फाटा फुटतो. तेथे गाडी येण्यापूर्वीच सांधा लावलेला असावा लागतो. 'ग्नू मेक'मधील 'इफइक्यू' ही अट अशीच असते. स्क्रिप्ट वाचली जात असतानाच तिचा निर्णय होतो. त्यामुळे नंतरच्या आज्ञेने निर्माण केलेली फाइल या अटीस दिसत नाही. तशी तपासणी हवी असल्यास ती आज्ञेच्या आत, शेलच्या 'इफ'ने करावी लागते. 'सी' भाषेतील 'इफडेफ' ही अट तर याहून निराळी असून ती संकलनाच्या वेळी सोडविली जाते. हे तीन काळ वेगळे न समजल्याने विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो.

अस्तित्व आणि मूल्य :

'ग्नू मेक'मधील 'इफडेफ' चलाचे मूल्य रिकामे नाही एवढेच पाहते. 'डीबग' या चलास शून्य दिले तरी ही अट खरीच ठरते. जावासाठी २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'अँट'मध्येही लक्ष्याच्या 'इफ'मध्ये नुसते नाव दिल्यास गुणधर्माचे अस्तित्वच तपासले जाते, मूल्य नव्हे. 'नाही' असे लिहूनही 'होय' घडते ते यामुळे. मूल्य तपासावयाचे असल्यास 'इफइक्यू' वापरणे इष्ट होय.

नाव की क्षमता?

विंडोजवर 'ओएस' या चलात 'विंडोज_एनटी' हे मूल्य असते. म्हणून अनेक स्क्रिप्ट तेवढेच तपासतात. परंतु विंडोजवरच युनिक्ससदृश शेल बसविला असल्यास तेथे 'आरएम' उपलब्ध असते व नावावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या 'ऑटोकॉन्फ'ने दुसरा मार्ग दाखविला : प्रणालीचे नाव न विचारता आवश्यक ती सुविधा आहे की नाही, हे छोटी चाचणी करून पाहावे.

अटींची संख्या :

प्रत्येक स्वतंत्र अट शक्य बांधण्यांची संख्या दुप्पट करते. ५ अटींपासून ३२, तर १० अटींपासून १,०२४ बांधण्या संभवतात. त्यांपैकी विद्यार्थी प्रत्यक्षात एकच, स्वतःच्या संगणकावरची, तपासतो. न तपासलेली शाखा परीक्षकासमोर प्रथमच चालते.

निष्कर्ष :

अटी मोजक्या असाव्यात, त्या स्क्रिप्टच्या आरंभी एकत्र लिहाव्यात, नावाऐवजी क्षमता तपासावी आणि कोणतीही अट न जुळल्यास स्पष्ट संदेश देऊन बांधणी थांबवावी. 'ग्नू मेक'मध्ये 'एरर' या फलनाने हे साधते. प्रकल्प स्वीकारण्यापूर्वी तो किमान एका निराळ्या संगणकावर, रिकाम्या फोल्डरमधून बांधून पाहण्याची अट अध्यापकांनी घातल्यास विद्यार्थ्याच्या श्रमांना न्याय मिळेल.