टेबलावरचा पसारा आणि दुखरा अंगठा

गेल्या आठवड्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा झाले तरी आमच्या घरातला एक दिवा जळतच होता. डोकावून बघतो तर काय, आमची लेक जमिनीवर मांडी घालून, ड्रॉइंग बोर्डवर पार वाकून बसलेली! इंटरमिजिएटची परीक्षा तोंडावर आली आहे ना. संकल्पचित्र रंगवणं चाललं होतं. भोवती रंगांच्या उघड्या बाटल्या, पाण्याचा मग, त्याला खेटून दुधाचा पेला, बिस्किटांचा पुडा, खोडरबराचा चुरा, आणि पूर्ण झालेली तीन चित्रं खुशाल जमिनीवर पसरलेली.

"झोप आता," मी म्हटलं.

"बाबा, पाचच मिनिटं!" आणि मग मान वर न करता, हळूच, "अंगठा जरा दुखतोय."

ते ऐकलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. मी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि दिवा मालवला. "असं काय हो बाबा! परीक्षा माझी आहे," म्हणून ती फुरंगटून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला एक गोष्ट सांगितली. माझ्याच फजितीची. तीच आज तुम्हालाही सांगतो.

अकरा अंक आणि शाईची एक बाटली

मी चित्रं काढतो. कथांसाठी, कवितांसाठी, पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी. आमच्या या धंद्यात दिवाळी दिवाळीत येत नाही, ती गणपतीतच येते! कारण दिवाळी अंक दिवाळीआधी छापून तयार हवेत, म्हणजे चित्रं त्याच्याही कितीतरी आधी हवीत. 2009 साली मी हौसेहौसेने अकरा अंकांची कामं घेतली होती. कुणाला नाही म्हणायला जीभच रेटायची नाही.

मग काय विचारता! सकाळी सातला बसायचं ते रात्री एकला उठायचं. जेवण टेबलावर, चहा टेबलावर. एकदा तर ब्रश चहात बुडवला आणि रंगाच्या पाण्याचा मग तोंडाला लावला. घरातली सगळी हसली, मीही हसलो. उजव्या मनगटात कळ यायची, पण म्हटलं, दिवाळीनंतर बघू. टेबल आवरायचं? तेही दिवाळीनंतरच.

गणपती नुकतेच होऊन गेले होते. रात्रीचा एक वाजला असेल. चार चित्रं पूर्ण करून मी समोरच वाळत ठेवली होती. सकाळी ती द्यायची होती. पट्टी सापडेना म्हणून कागदांच्या ढिगाखाली हात घातला, आणि ढिगाच्या टोकावर ठेवलेली काळ्या शाईची बाटली आडवी झाली. झाकण? ते लावलेलंच नव्हतं! डोळ्यांदेखत चारही चित्रांवरून काळा ओघळ गेला.

मी रात्रभर जागून ती चारही चित्रं पुन्हा काढली. सकाळी दिलीसुद्धा. पण त्या दिवशी टूथपेस्टचं झाकण फिरवायला गेलो आणि अंगठ्यापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की झाकण हातातून खाली पडलं. संध्याकाळपर्यंत पेन्सिलसुद्धा धरता येईना.

डॉक्टरांचा प्रश्न

डॉक्टरांनी हात तपासला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काम काय करता?" मग, "दिवसातून किती तास? टेबल किती उंच आहे? मनगट टेकलेलं असतं की अधांतरी? मध्ये उठता का?"

मला गंमत वाटली. दुखतोय हात, आणि हे विचारतात टेबलाबद्दल! पुढे वाचनात आलं की हा प्रश्न फार जुना आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक इटालियन डॉक्टर होते. वेगवेगळे कारागीर कशाकशाने आजारी पडतात हे पाहून त्यांनी 1700 साली एक पुस्तक लिहिलं. रोग्याला इतर प्रश्न विचारता तसा 'तू काम काय करतोस?' हाही प्रश्न विचारत जा, असं त्यांनी डॉक्टरांना सुचवलं. चित्रकारांना रंगांमधल्या विषारी द्रव्यांमुळे काय काय होतं, हे त्यांनी लिहिलं. दिवसभर लेखणी चालवणाऱ्या कारकुनांच्या दुखण्याची तर त्यांनी तीन कारणं दिली: एकाच जागी बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि डोक्याला सततचा ताण. मी मनाशी म्हटलं, अरे, हे तर माझंच वर्णन!

आमच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. अंगठा हलवणाऱ्या कंडरा, म्हणजे दोरीसारखे पट्टे, मनगटाशी एका अरुंद आवरणातून सरकतात. परकराच्या नेफ्यातून नाडी सरकते ना, तशा. तीच ती हालचाल तासन् तास होत राहिली की ते आवरण सुजतं, नेफा आवळतो आणि नाडी अडकते. "सहा आठवडे ब्रश नाही, पेन्सिल नाही," त्यांनी सांगितलं आणि हाताला पट्टा बांधला.

सहा आठवडे! अकरापैकी पाच अंकांची चित्रं राहिली ती राहिलीच. मुलांच्या एका पुस्तकाचं काम मिळणार होतं, तेही दुसऱ्याकडे गेलं. त्या दिवाळीला आमच्या दारात गेल्या वर्षीचाच कंदील कागद चिकटवून लावला. पण खरं सांगू? पैशांपेक्षा दुसरीच भीती मोठी होती. रात्री झोप लागायची नाही. वाटायचं, हा अंगठा बराच झाला नाही तर? चित्रं काढण्यावाचून मला दुसरं येतं तरी काय?

मोठमोठ्यांचीही तीच गत

हात रिकामा होता, म्हणून थोर चित्रकारांची चरित्रं वाचायला घेतली. तेव्हा कळलं, आपण एकटे नाही! मायकेलअँजेलोने रोममधल्या सिस्टाइन चॅपेलचं छत 1508 ते 1512 या काळात रंगवलं. पुष्कळांना वाटतं, तो आडवा पडून रंगवायचा. तसं नव्हे. तो परांचीवर उभा राहून, मान मागे टाकून रंगवायचा. मान आखडली, पाठ वाकली, तोंडावर रंग ठिबकला, आणि या सगळ्या हालांवर त्याने स्वतःच एक विनोदी कविता लिहिली! काम संपल्यावरही कित्येक महिने त्याला काही वाचायचं तर मान मागे टाकून, वर बघतच वाचावं लागे, असं त्याचा चरित्रकार वसारी सांगतो.

पण मला खरा धीर दिला तो आन्री मातीस या फ्रेंच चित्रकाराने. 1941 साली मातीस एकाहत्तर वर्षांचा होता. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण चित्राच्या घोडीसमोर तासन् तास उभं राहण्याची ताकद गेली. चाकांची खुर्ची आणि बिछाना, एवढंच जग उरलं. मग त्याने काय केलं? कामाची सगळी मांडणीच बदलून टाकली. त्याच्या मदतनीस मोठमोठ्या कागदांवर, आपल्या पोस्टर कलरसारखा दाट रंग देत. असे कागद वाळवून तयार ठेवले जात. मातीस खुर्चीत किंवा बिछान्यात बसून कात्रीने त्यांचे आकार कापी. तो सांगेल तिथे मदतनीस ते टाचणीने भिंतीवर टोचत. नाही आवडलं, तर टाचणी काढून दुसरीकडे! भिंतीवर रेषा काढायची असली तर लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधून तो लांबूनच काढायचा.

1952 च्या उन्हाळ्यात तो पोहणाऱ्यांना पाहायला एका तलावावर गेला. पण ऊन इतकं कडक की परत यावं लागलं. घरी आल्यावर त्याने ठरवलं, आपला तलाव आपणच करायचा! जेवणघराच्या भिंतींवर चारी बाजूंनी पांढऱ्या कागदाचा पट्टा लावला आणि त्यावर निळ्या कागदातून कापलेली, सूर मारणारी, पाण्यातून उसळणारी माणसं चिकटली. त्या वेळी तो ब्याऐंशी वर्षांचा होता. तो तलाव आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे.

मातीसने शरीराला चित्रासाठी ताणलं नाही. त्याने कामाची जागाच शरीराला सोयीची करून घेतली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला!

पसारा वाईटच का?

आता तुमच्यातला एखादा चतुर म्हणेल, "काका, पण पसाऱ्यातही चित्रं काढता येतात की!" येतात, अगदी बरोबर. फ्रान्सिस बेकन हा लंडनमधला नामांकित चित्रकार. 1992 साली तो वारला तेव्हा त्याच्या छोट्याशा स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे तो स्टुडिओ जसाच्या तसा डब्लिनच्या ह्यू लेन कलादालनात हलवायचं ठरलं, तेव्हा उत्खनन करणारे पुरातत्त्वतज्ज्ञ बोलवावे लागले! सात हजारांहून जास्त वस्तूंची नोंद झाली. दारं, भिंती, इतकंच काय, धूळसुद्धा नेली. 2001 साली तो तिथे लोकांसाठी खुला झाला.

तेव्हा टेबल चकचकीत असलं की चित्र चांगलं येतं, असं काही मी म्हणणार नाही. चित्र रंगात आलं की पसारा होणारच. पण बेकनचा स्टुडिओ होता निव्वळ चित्रांसाठी. तुमच्याआमच्या टेबलावर चित्र, अभ्यास आणि कधीकधी भाजी निवडणंही चालतं. म्हणून मी दोनच गोष्टी बघतो: कामात काही सांडू नये आणि काम करताना काही दुखू नये.

माझं नवं टेबल

सहा आठवड्यांनी पट्टा सुटला. टेबल तेच होतं, पण मांडणी बदलली. तुम्हीही घरच्या घरी करू शकाल.

शाईची बाटली खोलगट वाटीत बसवून भोवती चिंध्या कोंबल्या. आता धक्का लागला तरी ती आडवी होत नाही. पाण्याचा मग टेबलावर नाही, तो शेजारच्या स्टुलावर, टेबलापेक्षा खाली. सांडला तर फरशीवर सांडेल, चित्रावर नाही.

झालेलं चित्र टेबलावर ठेवायचं नाही. खोलीत दोरी बांधली आहे, तिला चिमट्याने लावायचं. वाळलं की फोल्डरमध्ये.

बोर्डच्या मागच्या कडेखाली दोन जाड पुस्तकं ठेवली. कागद तिरपा होऊन डोळ्यांसमोर आला, मान वाकवावी लागत नाही. दिवा डावीकडे, म्हणजे उजव्या हाताची सावली कागदावर पडत नाही. तुम्ही डावखुरे असाल तर दिवा उजवीकडे.

आणि माझी सगळ्यात आवडती युक्ती ऐका. चहा आणि पिण्याचं पाणी मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत ठेवलं. तहान लागली की उठावंच लागतं! उठलं की चार पावलं चालणं होतं, बोटं मोकळी होतात आणि खिडकीतून लांबचं झाड दिसतं. बारीक काम करताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. लांब बघितलं की त्यांनाही विसावा मिळतो. तहानेचं भान राहिलं नाही तर? म्हणून दर अर्ध्या तासाचा गजरही लावला. तुमच्यापैकी कुणी टॅबवर चित्रं काढत असेल, तर त्यालाही हाच नियम बरं का.

ब्रश तोंडात घालून टोक काढायचं नाही, ओल्या चिंधीवर फिरवून काढायचं. शेवटची दहा मिनिटं आवराआवरीची. झाकणं लावायची, ब्रश धुऊन, टोक जुळवून आडवे ठेवायचे. पाण्यात उभे ठेवले की केस वाकडे होतात.

पुढच्या वर्षी, 2010 साली, मी सहाच अंकांची कामं घेतली. सातव्याला नाही म्हणालो. म्हणताना घशाला कोरड पडली होती! पैसे कमी मिळाले, हेही खरं. पण सहाही अंकांची चित्रं वेळेवर गेली आणि दिवाळीच्या पहाटे मी दारात रांगोळी काढली, याच हाताने.

दोन शब्द आईबाबांसाठी

आईबाबा, मूल रात्री जागून चित्र काढतं याचं आपल्याला कौतुक वाटतं. मलाही वाटायचं. पण त्याच्या पाठीला टेकू आहे का, उजेड कुठून येतो, हेही एकदा बघा. हात दुखतोय म्हणाला तर 'कंटाळा आला असेल' म्हणून उडवून लावू नका. विश्रांतीनंतरही दुखणं राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा. आणि पसाऱ्याबद्दल रागावण्याआधी त्याच्या रंगांना एक हक्काचा कोपरा, निदान एक खोकं, द्या.

आमच्या लेकीने गोष्ट ऐकली. अंगठ्याला दोन दिवस सक्तीची सुट्टी दिली, दुखणं थांबलं. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच बोर्डखाली दोन पुस्तकं सारली. कोणती, माहीत आहे? माझेच जुने दिवाळी अंक बांधून केलेले जाड खंड! दुधाचा पेला खिडकीत गेला.

काल रात्री दहाला तिचा दिवा मालवला. सकाळी जाऊन पाहिलं, तर ब्रश धुऊन आडवे ठेवलेले आणि दोरीवर अर्धं रंगवलेलं संकल्पचित्र. उरलेलं अर्धं ती आज संध्याकाळी करणार आहे.