विसरभोळेपणाचे मूळ यकृतातही असू शकते

आपल्या मंडळात साठी-सत्तरी ओलांडलेले सभासद बरेच आहेत. घरातले वडीलधारे विसरू लागले, असंबद्ध बोलू लागले की ‘वय झालं’ म्हणून आपण विषय संपवतो. पण काही वेळा बिघाड यकृताच्या रक्तवाहिन्यांत असतो आणि त्यावर उपचार होऊ शकतात. मी डॉक्टर नव्हे, निवृत्त बँक अधिकारी. तरी ही माहिती सर्वांना असावी असे वाटते.

आतड्यांतले रक्त पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून आधी यकृतात जाते. तिथे त्यातील अमोनियाचा युरिया होतो व तो लघवीवाटे बाहेर पडतो. काहींच्या शरीरात मात्र यकृताला वगळून जाणारी आडवाट असते. तिला शंट म्हणतात. मग तपासणी न होताच चेक पास व्हावा तसा अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोहोचतो. सिरॉसिसमध्ये पोर्टल व्हेनमधील दाब वाढून अशा वाटा तयार होतात. काहींना त्या जन्मतःच असतात. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन ॲबरनेथी यांनी १७९३ मध्येच असे उदाहरण नोंदवले होते. जन्मजात शंट असूनही त्रास कधी कधी उतारवयातच सुरू होतो.

लक्षणे अशी: दिवसा गुंगी व रात्री जाग, चिडचिड, गोंधळ, अक्षर बिघडणे, सही न जुळणे, हात पुढे धरल्यास पंजे फडफडणे. मुख्य खूण म्हणजे त्रास कमी-जास्त होत राहतो. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे किंवा झोपेच्या गोळ्या यांनी तो वाढतो.

नेहमीच्या लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये अमोनिया मोजत नाहीत. जन्मजात शंटमध्ये तो रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो. म्हणून अमोनियाची तपासणी आणि पोटाची डॉप्लर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करावे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो; त्यामुळे रक्त प्रयोगशाळेतच जाऊन दिलेले बरे.

उपचारात लॅक्ट्युलोज, रिफॅक्झिमिन ही औषधे देतात. निवडक रुग्णांत शिरेतून बारीक नळी घालून शंट बंद करतात. डाळ, दूध मात्र आपल्या मनाने बंद करू नये; त्याने अशक्तपणाच वाढतो.

घरात असा त्रास असेल तर कोणत्या दिवशी काय झाले, झोप व शौच कसे होते, हे तारखेनिशी वहीत लिहा. डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. गुंगी अचानक वाढली, तर नोंदी करत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठा.