पूल जानेवारीत झाला, नदी जुलैत आली

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या 2027 च्या सिंहस्थाच्या कामांचे कोटींतले आकडे रोज छापून येताहेत. मला मात्र त्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातला शेंद्रीपाडा राहून राहून आठवतो. तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्या आणि त्यावरून डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बायका. ते फोटो गाजले, जानेवारी 2022 मध्ये लोखंडी पूल झाला. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो गेला आणि बायका पुन्हा बल्ल्यांवर आल्या.

पूल देणाऱ्यांची तळमळ खरीच होती. पण आषाढात तास कुठवर चढते, हे रोज ती ओलांडणाऱ्या बाईइतकं कोणाला ठाऊक असणार?

रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकानं 1983 च्या 'रूरल डेव्हलपमेंट : पुटिंग द लास्ट फर्स्ट' या पुस्तकात नेमकं हेच दुखणं पकडलं. गरिबी पाहायला जाणारे डांबरी रस्त्यानं जातात, रस्त्याकडेच्या घरांत टेकतात, पुरुषांशी बोलतात आणि जातात तेही पाऊस सरल्यावर. गरिबाचे सगळ्यांत वाईट दिवस मात्र पावसातच येतात. हे पुस्तक आपल्या प्रत्येक तहसील कचेरीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ, सुरगाणा तालुक्यांत पाहा. आषाढ-श्रावणात कणगीतली नागली संपत आलेली, लावणीचं काम अंगावर, ओढ्यांना पूर आणि घरात तापाचा माणूस. तेव्हा जीप पाड्यापर्यंत पोचत नाही. दिवाळीनंतर वाट कोरडी होते, तोवर घराला कुलूप लागलेलं असतं. माणसं गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभी, नाहीतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. पाहणीला आलेल्याला भेटतो तो गावात राहू शकलेला माणूस. सगळ्यांत गरजू घर यादीतून निसटतं ते असं.

ज्ञानाचंही तेच होतं. उन्हाळ्यात गेलेल्याला रानात जळका काळा तुकडा दिसतो आणि तो मागासलेपणा म्हणून नोंदवतो. तो राब असतो. शेण, पालापाचोळा, ऐनाच्या डहाळ्या थरावर थर रचून भाजलेला. आचेनं तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं आणि पहिल्या पावसानंतर तिथं नागलीचं रोप दाट, स्वच्छ उगवतं. पुढं ते उतारावर लावायचं. डहाळी किती तोडली म्हणजे ऐन पुन्हा फुटतो, याचाही हिशेब या माणसांकडे असतो. राबामुळे झाडांवर ताण येतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय राब भाजणाऱ्याबरोबर बसूनच निघेल.

या डोंगरपट्ट्यात वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलात विहिरी तळ दाखवतात. काळा पाषाण, तीव्र उतार. पाणी थांबतच नाही. कुठला झरा चैत्रापर्यंत टिकतो, कुठला होळीलाच आटतो, हे पाणी भरणाऱ्या बायका सांगतात. पाणीयोजनेची जागा ठरवण्याआधी त्यांच्याबरोबर एक खेप चालून यावं, आणि तीही एकदा चैत्रात, एकदा भर आषाढात.