धडधड आणि डेडलाइन

रात्रीचे दोन. लेख सकाळी द्यायचा होता, टेबलावर पाचवा मग रिकामा आणि अचानक छातीत धाडधाड! हात थरथरतायत, डोकं मात्र लख्ख जागं. 'संपलं आपलं' असं वाटून मी रूममेटला उठवलं. इमर्जन्सीत ईसीजी काढला, तो अगदी नॉर्मल. डॉक्टर मॅडमनी एवढंच विचारलं, "दिवसभरात कॉफी किती झाली?" मी बोटं मोजायला लागले...

ही सगळी भानगड ॲडेनोसिनची. आपण जागे असतो तसतसं ते मेंदूत साठतं आणि 'आता झोप' असा निरोप देतं. कॅफिन काय करतं? सरळ त्याच्या खुर्चीत जाऊन बसतं! थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. गंमत म्हणजे हेच ॲडेनोसिन हृदयालाही ब्रेक लावतं. इतका जोरदार, की काही प्रकारांत ठोके बेफाम पळायला लागले तर डॉक्टर त्याचंच इंजेक्शन देतात. म्हणजे कॅफिनमुळे तिकडे झोपेचा निरोप अडतो, इकडे ब्रेक सैल होतो, वर ॲड्रेनालिनची भर. मग धडधड जाणवून मेंदू घाबरतो आणि घाबरला की धडधड आणखी वाढते. माझं तेच झालं होतं.

२०२३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांची एक चाचणी छापून आली. १०० निरोगी माणसं, १४ दिवस, छातीवर ईसीजीचा पॅच. काही दिवस कॉफी, काही दिवस बंद. कॉफीच्या दिवशी हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले अवेळी ठोके फारसे वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले मात्र वाढले. मंडळी हजारभर पावलं जास्त चालली आणि साधारण ३६ मिनिटं कमी झोपली!

मग सोडायची का कॉफी? छे! निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा चालतं, गरोदरपणी २००. पण निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही अर्धा शिल्लक! आणि एकदम बंद केलंत तर डोकं ठणकणार. कॅफिनने आवळलेल्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैलावतात ना! तेव्हा रोज थोडी थोडी कमी करा. मात्र छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, तर कॉफीवर ढकलू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

माझा शेवटचा कप आता दुपारी दोनचा. साडेपाचला मीटिंगमध्ये सगळ्यांसाठी कॉफी येते, तेव्हा मी ताक मागते. हसतात सगळे.